पाचवा प्रश्न

दहा वाजून सात मिनिटांनी दिल्लीहून साधनाच्या मोबाइलवर सरकारचं उत्तर आलं. ते वाचून तिनं आधी ऑफिसचं दार आतून लावून घेतलं. जिन्यावरून कुणी ना कुणी वर येतच असे, आणि पुढची पाच मिनिटं तरी तिला कुणी यायला नको होतं.

ऑफिस म्हणजे मोंढ्यातल्या, जालन्याच्या धान्यबाजारातल्या, एका बियाणांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली मक्याची आणि कपाशीची पाकिटं विकली जायची, वर राज्यसभेचे खासदार शिवनारायणजी यांचं संपर्क कार्यालय होतं. अख्खा जालना त्यांना काकाजी म्हणायचा. साधना सहा वर्षं तिथं होती. त्याआधी अकरा वर्षं ती कोर्टाबाहेर टायपिंगचं टेबल मांडून बसायची. त्यामुळे सरकारी कागदातलं कुठलं वाक्य रिकामं आहे आणि कुठलं भरलेलं, हे तिला एका नजरेत कळत असे.

आज आलेल्या कागदातलं एक वाक्य चांगलंच भरलेलं होतं.

समोरच्या बाकावर शालू बसली होती. वडीगोद्रीहून पहाटेच्या एसटीनं आली होती. वय पंचवीस-सव्वीस. चौदा महिन्यांपूर्वी एमआयडीसीतल्या एका सळईच्या मिलमध्ये भट्टीतलं लोखंड उसळलं आणि तिचा नवरा मिथुन भाजला. तिसऱ्या दिवशी तो गेला. ठेकेदार अंत्यविधीला आला, विम्याचं काम करतो म्हणून दवाखान्याचे सगळे कागद घेऊन गेला आणि नंतर त्यानं फोन उचलला नाही. मिलनं सांगितलं, ह्या नावाचा कामगार आमच्याकडे नव्हताच. शालू निराधार योजनेचा अर्ज घेऊन ह्या ऑफिसात आली, तेव्हा साधनानं सहज विचारलं होतं, "कशानं गेले?" त्या एका प्रश्नातून पुढचं सगळं निघालं.

"काय लिव्हलंय मॅडम?" शालूनं विचारलं.

साधनानं तिच्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलं. "लिहिलंय की त्या मिलमध्ये त्या तारखेला अपघात झाला नाही. मृत्यू शून्य. आणि मिथुन नावाचा माणूस मिलच्या बाहेर, रस्त्यावर, गाडीच्या अपघातात गेला."

तिनं पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

हा प्रश्न काकाजींच्या नावानं राज्यसभेच्या सभागृहापर्यंत न्यायला साधनाला चार अधिवेशनं लागली होती. खासदारानं पंधरा दिवस आधी प्रश्न पाठवायचा. शेकडो प्रश्न येतात, त्यांच्या चिठ्ठ्या निघतात. दिवसाला फक्त पंधरा प्रश्न तारांकित होतात, म्हणजे ज्यांचं उत्तर मंत्र्याला उभं राहून द्यावं लागतं. बाकीच्यांना लेखी उत्तर मिळतं. दोनदा शालूचा प्रश्न चिठ्ठीतच राहिला. एकदा नुसताच लेखी निघाला आणि 'माहिती गोळा करण्यात येत आहे' असं पाच शब्दांचं उत्तर आलं. ह्या वेळी तो तारांकित निघाला आणि यादीत पाचवा लागला. पंधरांपैकी तासाभरात पाच-सहाच होतात. पाचवा म्हणजे काठावरचा. वेळ गेली तर लेखी उत्तर पटलावर जाईल आणि त्यातलं शून्य कायमचं कागदावर बसेल.

फोन वाजला. दिल्लीचा जिनेंद्र. काकाजींचा तिकडचा सचिव, पन्नाशीचा, तोलून बोलणारा माणूस.

"वाचलं?"

"वाचलं. खोटं आहे."

"ते आपल्याला माहीत आहे. काकाजींचा निरोप ऐक. ते म्हणतात, कागद पाहिजे. सभागृहात खासदार जे बोलतो त्याची जबाबदारी त्याच्यावर असते. ऐकीव गोष्टीवर मंत्र्याला खोटं पाडता येत नाही. प्रश्नोत्तराचा तास बाराला सुरू होतो. साडेअकरापर्यंत काही असेल तर पाठव. मी प्रिंट काढून आत चिठ्ठी पाठवतो."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर ते साधा पुरवणी प्रश्न विचारतील आणि खाली बसतील." जिनेंद्रनं आवाज खाली आणला. "साधना, अजून एक. राजकुमारीबाईंचे सकाळपासून तीन फोन आले. दोन काकाजींनी घेतले नाहीत. तिसरा घेतला. दार लावून बोलले. काय बोलणं झालं, मला माहीत नाही."

राजकुमारीबाई म्हणजे त्या मिलच्या मालकीण. नवरा गेल्यापासून आठ वर्षं मिल त्याच चालवत होत्या. काकाजींना त्या पंचवीस वर्षं राखी बांधत होत्या. सोमवारी त्या इथं येऊन, ह्याच खुर्चीत बसून, अगदी शांतपणे म्हणाल्या होत्या, "प्रश्न मागे घेता येतो ना? एक ओळ लिहून दिली की झालं, असं ऐकलंय मी." ते खरंच होतं, एक ओळ पुरत होती. साधनानं ते फोनवर काकाजींच्या कानावर घातलं. ते एवढंच म्हणाले होते, "बघू."

त्या 'बघू'चा अर्थ ती तीन दिवस लावत होती. काकाजींची मुदत संपायला एक वर्ष राहिलं होतं. राज्यसभेच्या माणसाला शालूसारख्यांची मतं मागायला गावोगाव फिरावं लागत नाही. त्याला आमदार निवडून देतात, आणि आमदार कुणाला निवडून देणार हे पक्ष ठरवतो. पक्षात जालन्याच्या मिलवाल्यांचा शब्द जड होता. शालूला नाराज करून काकाजींचं काहीही बिघडणार नव्हतं. राजकुमारीबाईंना नाराज करून बरंच बिघडलं असतं.

"चल," साधना शालूला म्हणाली. "बबलूकडं जाऊ."

"त्यो न्हाई देनार मॅडम. तुमी दोनदा इचारलं."

"तिसऱ्यांदा विचारू."

बबलू मिथुनच्या शेजारी भट्टीवर होता. मिथुनला अ‍ॅम्ब्युलन्समधून त्यानंच नेलं. आता तो दुसऱ्या मिलमध्ये लागला होता. त्याच्याकडे काहीतरी आहे, हे साधनाला त्याच्या नकारावरूनच कळलं होतं. ज्याच्याकडे काही नसतं तो 'माझ्याकडं न्हाई' म्हणतो. बबलू दोन्ही वेळा म्हणाला होता, 'मी देनार न्हाई.'

स्कूटीवर दोघी निघाल्या. भंगारानं भरलेले ट्रक रस्त्याच्या कडेला लागून उभे होते आणि त्यांच्यामधून टेम्पो वाट काढत होते. मार्चचं ऊन साडेदहालाच टोचत होतं. एमआयडीसीच्या दुसऱ्या फाट्यावर चहाची टपरी होती. पावणेअकराच्या चहाला बबलू तिथं येतो हे साधनाला माहीत होतं. आज अकराला पाच मिनिटं कमी असताना आला. हातातला ग्लास ओठाला लावणार तोच त्यानं दोघींना पाहिलं आणि ग्लास फळीवर ठेवून दिला.

"ताई, मी तुमाला सांगितलं व्हतं."

"बबलू, आज बारा वाजता दिल्लीत तो प्रश्न निघणार आहे. सरकारनं लिहून दिलंय की मिथुन रस्त्यावर गाडीखाली मेला. तुझ्याकडं जे आहे ते दे. एका तासानंतर ते कुणाच्या कामाचं राहणार नाही."

"गाडीखाली?" बबलूनं विचारलं.

"हे बघ." तिनं मोबाइल पुढे केला. हिंदीतलं ते वाक्य त्यानं ओठ हलवत वाचलं. दोनदा वाचलं.

"माझं नाव हाय त्या कागदावर," तो शेवटी म्हणाला. "आननाऱ्याचं नाव म्हनून माझंच नाव लिव्हलंय. ते टीवीवर वाचलं, तर उद्या मला कोन्तीच मिल आत घेनार न्हाई. मला दोन लेकरं हायेत ताई."

"नाव वाचणार नाहीत. मी शब्द देते."

"तुमी शब्द द्याल. तिकडं बोलनारा माणूस दुसरा हाय."

आपण काकाजींच्या वतीनं शब्द देतोय आणि काकाजी काय करणार हे आपल्यालाच माहीत नाही, हे तिला त्या क्षणी फार लागलं. तिनं घड्याळ पाहिलं. अकरा वाजून गेले होते.

शालू इतका वेळ स्कूटीजवळ उभी होती. ती पुढे आली. तिनं कागदाचं नावही काढलं नाही.

"भाऊजी, गाडीत ते शुद्धीवर व्हते का?"

बबलूनं मान खाली घातली. "व्हता."

"मला कोनी सांगितलंच न्हाई. काय बोलले का?"

"पानी मागत व्हता. डॉक्टरीन म्हने, देऊ नका. मंग म्हनला, मुकादमाला सांग, उद्याची पाळी लावू नको. गावाकडं जायाचंय."

"कॅनॉलची पाळी आल्ती आमची," शालू म्हणाली. "उसाला पानी द्याला येनार व्हते. मी वाट बघून राह्यले व्हते." तिचा आवाज अजिबात हलला नाही. "मी गेले तवा त्यायला बोलता येत नव्हतं. मला वाटायचं, काय म्हनायचं आसंल. बरं झालं सांगितलं."

ती मागे वळली आणि स्कूटीजवळ जाऊन उभी राहिली. बबलू तिच्या पाठीकडे बघत राहिला. त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने, चकचकीत डाग होते. मग त्यानं खिशातून मोबाइल काढला.

"ठेकेदारानं इचारलं व्हतं, कोन्त्या वॉर्डात नेलं. म्हनून मी केसपेपरचा फोटो काढून त्याला धाडल्ता. माझ्या फोनातला उडाला. पन त्याच्या व्हाट्सपवर धाडलेला असंल."

चौदा महिने मागं जायला वेळ लागला. बबलूचं बोट वरून खाली सरकत होतं. हजेऱ्या, वाढदिवस, पगाराच्या तारखा, देवाचे फोटो. एका जागी तो थांबला. चौकोनात धुरकट, पांढरं काहीतरी होतं, मध्ये बाण. त्यानं बाणावर बोट टेकवलं. गोल फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. मागून एक ट्रक हॉर्न देत गेला. गोल थांबलं, फोटो निघाला नाही. बबलू टपरीच्या मागच्या उंचवट्यावर चढला, हात वर करून उभा राहिला आणि पुन्हा बोट टेकवलं.

"आला," तो वरूनच म्हणाला.

सरकारी दवाखान्याचा केसपेपर होता. नंबर, तारीख, दुपारी चार वाजून वीस मिनिटं. खाली डॉक्टरच्या घाईच्या अक्षरात लिहिलं होतं: मिलमध्ये भट्टीवर काम करत असताना वितळलेले लोखंड अंगावर उडून भाजले, बासष्ट टक्के. त्याच्याखाली बबलूचं नाव.

अकरा बावीसला साधनानं तो फोटो दिल्लीला पाठवला आणि लगेच जिनेंद्रला फोन लावला. "नंबर आणि वेळ वाचायला सांगा. खालचं नाव नाही. नावावर पट्टी लावून प्रिंट काढा."

"पट्टी लावलेला कागद काकाजी हातात धरणार नाहीत," जिनेंद्र म्हणाला. "ते म्हणतील, कागद द्यायचा तर पुरा द्यायचा. नाव वाचू नका एवढं मी चिठ्ठीत लिहितो. ते अकराला आत गेलेत. माझी हद्द दारापर्यंत. आतल्या शिपायाच्या हाती देतो. पुढचं माझ्या हातात नाही."

दोघी ऑफिसवर पोचल्या तेव्हा खाली पांढरी गाडी उभी होती. वर राजकुमारीबाई बसल्या होत्या. खालच्या दुकानदारानं दुसऱ्या किल्लीनं दार उघडून दिलं होतं. फिकट रंगाची कॉटनची साडी, हातात मोबाइल, चेहऱ्यावर रात्र जागल्यासारखं काहीतरी. त्यांनी शालूकडे पाहिलं. कोण आहे ते त्यांना सांगावं लागलं नाही.

"मी इथंच बसून बघणार," त्या साधनाला म्हणाल्या. "घरी बघवलं नसतं."

नाही म्हणायचा साधनाला अधिकार नव्हता. तिनं टीव्ही लावला. शालू बाकाच्या एका टोकाला, राजकुमारीबाई खुर्चीत, मध्ये साधना उभी.

पडद्यावर गोंधळ चालला होता. शून्य प्रहर, म्हणजे अकरा ते बारा ज्या वेळात सदस्य आपापले तातडीचे विषय मांडतात, तो कधीच वाहून गेला होता. वीस-पंचवीस सदस्य सभापतींच्या आसनासमोर उतरले होते आणि घोषणा देत होते. वाद दुसऱ्याच कुठल्या गोष्टीवरून होता. बारा वाजले. सभापती म्हणाले, आता प्रश्नोत्तराचा तास आहे, जागेवर जा. कुणी गेलं नाही.

"हे असंच चाललं तर?" राजकुमारीबाईंनी विचारलं.

"दोन वाजेपर्यंत तहकूब करतील. मग आजचा प्रश्नोत्तराचा तास गेला. सगळी उत्तरं लेखी धरतात."

राजकुमारीबाईंनी मान हलवली. त्या काय मागत होत्या, ते खोलीतल्या तिघींनाही माहीत होतं. साधना उलटं मागत होती. बारा वाजून पाच. बारा वाजून सात. सभापती उभे राहिले. ते उभे राहिले म्हणजे तहकुबीच, हे साधना सहा वर्षं पाहत आली होती. तिनं टेबलाची कड धरली. पण सभापती म्हणाले की सभागृहातल्या सर्व पक्षांच्या नेत्यांशी मी एक वाजता बोलेन, आता कामगारांचे प्रश्न आहेत, ते तरी होऊ द्या. कुरकुर करत एकेक जण मागे फिरला. बारा वाजून नऊ मिनिटं झाली होती.

पहिल्या प्रश्नाला अकरा मिनिटं गेली. दुसऱ्यालाही तेवढीच. तिसऱ्याचा सदस्य गैरहजर होता. दोन जणांनी काही विचारलं आणि तो चार मिनिटांत आटोपला. चौथा कामगारांच्या दवाखान्यांचा होता. प्रत्येक राज्यात दवाखाने आहेत आणि प्रत्येक सदस्याला आपल्या राज्याचं सांगायचं होतं. एक जण प्रश्न विचारायचा सोडून भाषणच करायला लागला. सभापतींनी दोनदा टोकलं.

"आपला कवा?" शालूनं हळूच विचारलं.

"हा संपला की."

"आन् न्हाई संपला तर?"

बारा सेहेचाळीस. बारा पन्नास. अजून एक हात वर. मंत्री सावकाश बोलत होते, आकडे वाचत होते. राजकुमारीबाई टीव्हीकडे बघायच्या सोडून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

बारा त्रेपन्नला सभापती म्हणाले, "प्रश्न क्रमांक दोनशे पंच्याहत्तर. श्री शिवनारायण."

कॅमेरा एका रिकाम्या बाकावर गेला. एक सेकंद, दोन सेकंद. शालूनं तोंडावर हात धरला. मग कॅमेरा वळला आणि मागच्या रांगेत काकाजी उठून उभे राहताना दिसले. गुडघ्याचं दुखणं होतं, त्यांना उठायला वेळ लागायचा. त्यांनी प्रश्नाचा क्रमांक उच्चारला. मंत्री म्हणाले, निवेदन पटलावर ठेवलं आहे. हे नेहमीचंच. आता प्रश्न विचारणाऱ्याला दोन पुरवणी प्रश्न मिळतात, आणि खरं जे काही असतं ते ह्या दोनांतच असतं.

काकाजींनी हिंदीत विचारलं, "देशातल्या पोलाद उद्योगात सुरक्षेची पाहणी वर्षातून किती वेळा होते, आणि ती वाढवण्याचा सरकारचा विचार आहे काय?"

एवढंच. त्यांच्या हातात कागद नव्हता. हा जिनेंद्रनं सकाळी सांगितलेला 'साधा' प्रश्न होता. राजकुमारीबाईंनी डोळे मिटून घेतले आणि खुर्चीला पाठ टेकवली. मंत्री खुशीत उठले आणि सरकार काय काय करतंय ते सांगू लागले. कायदे, योजना, प्रशिक्षण. तीन मिनिटं गेली.

सभापती म्हणाले, "दुसरा पुरवणी प्रश्न. थोडक्यात."

काकाजींनी चष्मा बदलला. कोटाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि तो उलगडायला त्यांनी बराच वेळ घेतला. मग ते बोलले. आवाज मोठा केला नाही.

"महोदय, उत्तरात लिहिलंय की माझ्या जिल्ह्यातल्या एका तरुण कामगाराचा मृत्यू रस्त्यावरच्या गाडीच्या अपघातात झाला. माझ्या हातात सरकारी दवाखान्याचा केसपेपर आहे." त्यांनी नंबर वाचला, तारीख वाचली, वेळ वाचली. "ह्यात लिहिलंय की तो वितळलेल्या लोखंडानं बासष्ट टक्के भाजला. मी जालन्याचा आहे. मी त्या रस्त्यावरून चाळीस वर्षं जातोय. त्या रस्त्यावर वितळलेलं लोखंड कुठून आलं, एवढं मंत्रिमहोदयांनी मला सांगावं. ह्या कागदाची जबाबदारी मी घेतो."

ते खाली बसले. खालचं नाव त्यांनी वाचलं नाही.

सभागृहात एकदम आवाज उठला. आता आरडाओरडा नव्हता, इकडून तिकडून बाकं वाजत होती. मंत्री उठले. त्यांनी अधिकाऱ्यांच्या कक्षाकडे पाहिलं. तिकडून एक चिठ्ठी आली. ती वाचून त्यांनी बाजूला ठेवली.

"ही माहिती खालून जशी आली तशी दिलेली आहे," ते म्हणाले. "माननीय सदस्यांनी तो कागद माझ्याकडे द्यावा. मी ह्याची चौकशी करवीन आणि जे निघेल ते सभागृहापुढे ठेवीन."

दुसऱ्या पक्षाचा एक सदस्य उठून ओरडला, असे रस्त्यावरचे अपघात अजून किती आहेत? सभापतींनी घड्याळाकडे पाहिलं. एक वाजला होता. सभागृह दोन वाजेपर्यंत तहकूब झालं.

साधनानं टीव्ही बंद केला.

"बस?" शालू म्हणाली. "करवीन म्हनले. आसं तर समदेच म्हनतात."

साधना तिच्याशेजारी बाकावर बसली. "तहसीलदार म्हणतो ते वेगळं. मंत्री सभागृहात उभं राहून 'करवीन' म्हणाला की ते आश्वासन म्हणून लिहून घेतात. त्यासाठी खासदारांची एक समिती असते. तीन महिन्यांत काय केलं ते सांगावं लागतं. नाही केलं तर समिती अधिकाऱ्यांना बोलावून विचारते. आणि उत्तर चुकलेलं निघालं तर त्याच सभागृहात दुरुस्त करावं लागतं."

"म्हंजे ते खोडतील?"

"खोडायला लागेल, असं वाटतंय."

राजकुमारीबाई उठल्या. "तो कागद मला दाखव," त्या साधनाला म्हणाल्या. साधनानं नावावर अंगठा ठेवून मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो वाचला. बराच वेळ वाचत राहिल्या.

"मला सडकेचं सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. त्यांनी हे शालूकडे बघून म्हटलं, पण आवाज स्वतःशी बोलल्यासारखा होता. "मॅनेजरनं येऊन सांगितलं, गेटच्या बाहेर एक मुलगा गाडीखाली आला, आपला नव्हता. मी म्हटलं, बेचारा."

"तुमी कोनाला इचारलं व्हतं का?" शालूनं विचारलं.

राजकुमारीबाई दाराकडे वळल्या. जिन्याच्या तोंडाशी जाऊन त्या थांबल्या. "सकाळी फोनवर मी शिवनारायणजींना म्हणाले होते, बहिणीची एवढी गोष्ट ठेवा. ते म्हणाले, तू मला फक्त सांग, तो आत मेला का बाहेर. मी म्हटलं, बाहेर. ते म्हणाले, मग तू कशाला घाबरतेस." एवढं सांगून त्या खाली उतरून गेल्या. गाडी सुरू व्हायला मात्र बराच वेळ लागला.

चौकशीला जूनमध्ये माणसं आली. मिलमध्ये त्या दिवसाचं पाळीचं रजिस्टर नाही, असं मॅनेजरनं लिहून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते रजिस्टर चौकशीच्या टेबलावर होतं. कुणी आणून ठेवलं ते कागदोपत्री कुठंच आलं नाही. मॅनेजर त्याच आठवड्यात मिल सोडून गेला. रजिस्टरात मिथुनचं नाव होतं, शेजारी बबलूचं होतं. पुढं बबलूचं नाव बाहेर फुटलंच. त्याच्या मुकादमानं त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तो दीड महिना घरी बसला. मग खालच्या दुकानदाराच्या ओळखीनं एका बियाणांच्या प्लांटमध्ये लागला. भट्टीपेक्षा कमी मिळतं, पण अंगावर काही उडत नाही, असं त्यानं साधनाला फोनवर सांगितलं. साधनानं माफी मागितली. तो म्हणाला, "तुमी शब्द पाळला व्हता, ताई. तिकडून न्हाई फुटलं."

काकाजींना पक्षानं पुन्हा उमेदवारी द्यायची नाही असं ठरवल्याचं पावसाळ्यातच कानावर आलं. जिनेंद्र म्हणाला, त्या प्रश्नामुळे असेलच असं नाही, वयही झालं होतं. राखी बांधायला राजकुमारीबाई ह्या ऑफिसवर आल्या होत्या. वर थांबल्या नाहीत, पण आल्या होत्या.

ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी मंत्र्यांनी उत्तर दुरुस्त करणारं निवेदन पटलावर ठेवलं. दीड मिनिट लागलं. टीव्हीवर नीट ऐकूही आलं नाही. संध्याकाळी जिनेंद्रनं कागद पाठवला. शालूला साधनानं दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं आणि तिच्यापुढे ती ओळ वाचली: सदर तारखेस मृत्यूंची संख्या 'शून्य' ऐवजी 'एक' अशी वाचावी. त्याखाली मिथुनचं पूर्ण नाव होतं, बापाच्या नावासकट, गावासकट.

शालूनं कागद हातात घेतला. हिंदी तिला सावकाश वाचता यायचं. गावाच्या नावावर बोट ठेवून ती थांबली.

"वडीगोद्रीचं वाडीगोद्री लिव्हलंय," ती म्हणाली.

"दिल्लीत असंच लिहितात."

"चालतंय." तिनं डोळे पुसले. "ह्याची झेराक्स काढून देता का? सासूबाईला वाचून दाखवायचीय. त्यायला कोनी सांगितलं तरी पटत न्हाई, म्हनत्यात कागद दाखव."

नुकसानभरपाईचा अर्ज आता कामगार न्यायालयात करावा लागणार होता. त्याची पहिली तारीख कधी पडेल हे कुणालाच माहीत नव्हतं. साधनानं तिला वकिलाचं नाव लिहून दिलं, झेरॉक्सच्या दोन प्रती काढल्या आणि अंबड चौफुलीवर साडेतीनची एसटी मिळावी म्हणून स्वतः स्कूटीवर सोडायला गेली.